आफ्रिकेतल्या नॅशनल पार्कमध्ये बाईक आत सोडतात का? रूट फायनल करायचा आहे

रामटेक_रायडर

नमस्कार मंडळी. पुढच्या सप्टेंबरमध्ये मी, बायको आणि एक मित्र असे दोन बाईकवर साउथ आफ्रिकेकडे जायचं ठरवून राहिलो आहोत. बाईक तिकडेच भाड्याने घेऊ, इथून गाडी पाठवायचा विषय कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा कस्टमचा कागद) आणि शिपिंगचा खर्च पाहून बंद केला. कच्चा रूट असा आहे की जोहान्सबर्गला उतरायचं, क्रूगर पार्क दक्षिणेकडून शिरून आतूनच उत्तरेला पार करायचं, मग बोत्सवानात नाता, कसाने, तिथून व्हिक्टोरिया फॉल्स, मग नामिबियाची ती वरची लांब पट्टी, तिथलाच एटोशा पार्क, आणि खाली उतरत उतरत केपटाऊन.

आता घोळ असा झाला आहे की परवा मेडिकल चौकात चहा घेताना ग्रुपमधला एक जण म्हणाला क्रूगरमध्ये बाईक सोडतच नाही, दुसरा म्हणाला काहून नाही सोडत, मी हत्तीच्या समोर बाईक उभी असलेला फोटो पाहिला आहे. नेटवर वाचतो तर अर्धे लोक कारवाले, त्यांना बाईकचं काही घेणं-देणं नाही. आपल्याकडे पेंचच्या सिल्लारी गेटवर बाईक लावून जिप्सीत बसावं लागते, ताडोब्यात मोहर्लीला तेच, हे तर आपल्याला माहीत आहे. पण क्रूगरमध्ये लोक स्वतःची साधी कार घेऊन दिवसभर फिरतात, आत डांबरी रस्ते आहेत, पेट्रोल पंप आहेत, राहायचे कॅम्प आहेत, मग बाईकला काय प्रॉब्लेम आहे?

आणि नियम पार्कापार्कात वेगळा आहे की देशादेशात वेगळा आहे हेही सांगा. बायकोला जनावरं पाहायची आहेत, मला रस्ते पाहायचे आहेत, दोन्ही जमलं पाहिजे. एवढे पैसे घालून गेटवरून परत यायचं नाही आहे. अमेरिकेचा पर्यायही डोक्यात आहे, तिकडे यलोस्टोन वगैरेत बाईक चालते असं ऐकलं, कोणी गेलं असेल तर तेही लिहा.

जोबर्गचा_धरमपेठकर

भाऊ, क्रूगरमध्ये बाईक नाही. तिथे तुमचा रूट आत्ताच बदलून टाका. पार्कच्या नियमात मोटरसायकल आणि खाजगी उघड्या गाड्या दोन्हीला मनाई आहे, आणि गेटवर कितीही विनंती केली तरी काही होत नाही, कारण ते गेटवाल्याच्या हातातच नाही. एटोशातही बाईक नाही, कालाहारीतल्या कगालागाडी पार्कमध्येही नाही. जिथे सिंह, हत्ती, गेंडे मोकळे फिरतात आणि लोक आपल्या कारने फिरतात त्या पार्कांत दक्षिण आफ्रिका काय आणि नामिबिया काय, सगळीकडे असंच समजून चाला.

काहून नाही, तर याचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या नियमात आहे. क्रूगरमध्ये कॅम्प आणि ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरायला बंदी आहे, दार उघडून पाय बाहेर काढला तरी दंड होऊ शकतो. बाईकवाला तर गेटापासूनच गाडीबाहेर असतो न. तिथल्या जनावरांना कारचा बंद आकार सवयीचा झाला आहे, त्यात माणूस बसला आहे हे त्यांच्या लेखी येत नाही, म्हणून सिंह कारच्या सावलीत येऊन बसतो. बाईकवर माणूस पूर्ण दिसतो, त्याचा वास येतो, आणि टायर पंक्चर झालं तर तो त्या रस्त्यावर उकिडवा बसून चाक खोलणार. मी इथे कामानिमित्त राहतो, सुट्टीत क्रूगरला जाणं होत राहते, आणि एकदा आतल्या लोअर सबी कॅम्पच्या रस्त्यावर आमच्या कारपुढे हत्तीण पिल्लू घेऊन रस्ता अडवून उभी राहिली, कान पसरलेले, सोंड आत वळवलेली. आम्ही काचा वर करून हळूहळू रिव्हर्स घेत मागे गेलो. पाठीमागे तीन गाड्या होत्या, त्याही मागे सरकल्या. तिथे पिलियन बसवून, दोन्ही बाजूला बॅगा लावून कोणी रिव्हर्स कसा घेणार ते मला सांगा.

पण म्हणून तो भाग सोडू नका. क्रूगरच्या पश्चिमेला आर ४० रस्ता पार्कच्या बाहेरून वर जाते, नेल्सप्रुइट म्हणजे आताचं म्बोम्बेला, व्हाइट रिव्हर, हेझीव्ह्यू करत फालाबोर्वापर्यंत. तुम्ही जे आतून पार करणार होता ते याने बाहेरून करा. हेझीव्ह्यूला दोन रात्री राहा, बाईक लॉजवर ठेवा, पहाटेच्या सफारीच्या उघड्या गाडीत बसा. ती गाडी परवान्याची असते, गाईड असतो, म्हणून तिला चालते. स्वतः चालवायचं असेल तर म्बोम्बेलात दिवसाच्या भाड्याने छोटी कार घ्या, आत डांबरावर ५० आणि कच्च्यावर ४० ची मर्यादा आहे, वेग मोजायचे कॅमेरे घेऊन लोक बसलेले असतात, घाई करू नका. क्रूगर जवळपास २०,००० चौरस किलोमीटर आहे, एका दिवसात दक्षिणेचा एक कोपरासुद्धा नीट होत नाही. आणि बाईकची हौस दुसऱ्या दिवशी पॅनोरमा रूटवर भागवा, आर ५३२ वर बर्क्स लक पॉटहोल्स, ब्लाइड रिव्हर कॅनियन, आणि त्याच्याच आर ५३४ या फाट्यावर गॉड्स विंडो. तिथे बाईकला कोणी अडवत नाही आणि रस्ता असा आहे की तुम्ही क्रूगरचं दुःख विसराल.

सगळ्याच नॅशनल पार्कात बंदी आहे असं मात्र नाही. केपटाऊनजवळचा केप पॉइंट हा टेबल माउंटन नॅशनल पार्कचा भाग आहे, तिथे तिकीट काढून बाईक आत जाते. टँक बॅगेत खायचं काही ठेवू नका, बबून माकडं बॅगेची चेन उघडतात. तिकडे जाताना चॅपमन्स पीक ड्राइव्ह घ्या, टोल आहे, ९ किलोमीटरमध्ये ११४ वळणं आहेत. फ्री स्टेटमधला गोल्डन गेट हायलँड्स हाही नॅशनल पार्कच, त्याच्या मधून आर ७१२ हा सार्वजनिक रस्ता जातो, बाईकवाले तिथे आरामात जातात.

दौड_विदर्भ

तुमच्या मित्राने जो हत्तीचा फोटो पाहिला तो खोटा नसेल. असे फोटो बहुतेक बोत्सवाना नाहीतर नामिबियातले असतात, आणि ते पार्कमधले असूनही कायदेशीर असतात. एक गोष्ट पक्की धरून ठेवा: पार्कमधून जाणारा हायवे वेगळा आणि पार्कच्या आतला रस्ता वेगळा. आपला एनएच ४४ घ्या न. मनसरहून खवासाकडे जाताना पेंचच्या जंगलातून बाईक जाते, प्राण्यांसाठी बांधलेल्या त्या पुलांवरून आपण जातो, कोणी विचारत नाही. पण तिथूनच उजवी-डावी घेऊन गेटवर गेलो की बाईक बाहेर. आफ्रिकेत हेच आहे, फक्त तिकडे हायवेवर हत्ती उभा असतो.

कसानेहून न्गोमा पुलाकडे जो डांबरी रस्ता जाते तो चोबे नॅशनल पार्कमधून जाते. गेटवर रजिस्टर असते, दोरीला बांधलेला पेन असते, नाव, गाडी नंबर, वेळ लिहायची, दुसऱ्या टोकाला परत सही करायची. तो ट्रान्झिट आहे, म्हणजे नुसता पार जायचा रस्ता, बाईक चालते. पण नदीकाठाने जाणारा जो वाळूचा रस्ता आहे, जिथे खरी जनावरं पाहायला मिळतात, तिकडे बाईक वळवायची नाही. कसानेला संध्याकाळची बोट घ्या, हत्ती नदीत उतरतात ते बोटीतूनच छान दिसते, वहिनींचं काम तिथेच होऊन जाईल.

न्गोमा ओलांडलं की नामिबिया, तिथून कटिमा मुलिलो आणि मग बी ८ हायवे. कोंगोलापासून दिवुंडूपर्यंत हा रस्ता जवळपास १९० किलोमीटर ब्वाब्वाटा नॅशनल पार्कमधून सरळ जाते, तुम्ही म्हणता ती पट्टी हीच. बाईक चालते, गावं आहेत, शाळेत जाणारी पोरं रस्त्याने चालत असतात. रस्ता इतका सरळ आहे की थ्रॉटल आपोआप पिळला जाते. तसं करू नका. डांबरावर हत्तीची लीद पडलेली असते, ती सुकलेली, पांढरट असेल तर जाऊ द्या, पण काळी ओली दिसली की थ्रॉटल सोडा आणि दोन्ही बाजूच्या झुडपांकडे पाहा, कळप जवळच असते. हत्ती रस्त्यावर आला तर लांबच थांबा, इंजिन चालू ठेवा, बाईक वळवायला जागा ठेवा, हॉर्न अजिबात नाही. मागून ट्रक आला तर त्याला पुढे जाऊ द्या आणि त्याच्या आडोशाने निघा.

नाता ते कसाने हा ३०० किलोमीटरचा पट्टा तर कुठल्या पार्कचं गेटही नाही तरी हत्तींनी भरलेला आहे. तिथे अंधार पडल्यावर बाईक चालवणं म्हणजे जीवाशी खेळ, हे मी अगदी मनापासून सांगून राहिलो आहे. हत्ती रंगाने रस्त्यासारखाच आहे आणि त्याचे डोळे हेडलाइटच्या उंचीवर नसतात, दिसला तेव्हा उशीर झालेला असते.

पूर्व आफ्रिकेत कधी गेला तर तिथेही हाच हिशोब लावा. टांझानियात दार-ए-सलामहून इरिंगाला जाणारा हायवे मिकुमी नॅशनल पार्कमधून ५० किलोमीटर जाते, बाईक चालते, वेगमर्यादा कडक आहे आणि कुठलं जनावर मारलं तर किती डॉलर दंड याचे बोर्ड लावले आहेत. पण सेरेंगेटीत बाईक नाही. केनियात नैरोबी-मोंबासा हायवे त्सावो ईस्ट आणि त्सावो वेस्टच्या मधून जाते, युगांडात म्बरारा-कसेसे रस्ता क्वीन एलिझाबेथ पार्कमधून जाते.

एटोशाबद्दल एक सांगतो, हे कोणी लिहीत नाही. मॅपवर पार्कच्या आतल्या ओकाउकुएजो कॅम्पपासून नामुटोनी कॅम्पपर्यंत रस्ता दिसते, आणि जीपीएस तो शॉर्टकट म्हणून दाखवते. बाईकवाल्याने तो प्लॅनमध्ये धरायचाच नाही. तुम्ही रुंडूकडून याल, म्हणजे ग्रूटफोंटेन, ओटावी, ओटजिवारोंगो, मग सी ३८ ने ओउटजो आणि वर अँडरसन गेट. ओकाउकुएजो कॅम्प गेटापासून १७ किलोमीटर आत आहे, तिथलं बुकिंग केलं तर बाईकने पोचताच येणार नाही, आणि बुकिंग घेताना कोणी विचारत नाही की तुम्ही कशावर येऊन राहिले. गेटच्या बाहेर सी ३८ वर लॉज आहेत, तिथे राहा आणि त्यांच्या गाडीने आत जा.

बेसा_टू_व्हीलर

मला हे पटत नाही. हेल्मेट आमचं, इन्शुरन्स आमचा, जीव आमचा. कार असली की जंगल दाखवा आणि बाईक असली की बाहेर उभा राहा, हा दुजाभाव आहे. सायकलवाल्यांनासुद्धा काही पार्कांत सोडतात. बाईकवाल्यांकडून लिहून घ्या की जबाबदारी आमची आणि सोडा.

जोबर्गचा_धरमपेठकर

भाऊ, तुमचा राग समजतो, मीही बाईकवालाच आहे. पण लिहून दिल्याने सिंहाला काय कळते. सायकल तुम्ही म्हणता ती केनियाच्या हेल्स गेटसारख्या ठिकाणी, जिथे सिंह-हत्तींचा तसा वावर नाही, म्हणून तिथे पायीसुद्धा फिरू देतात. आणि बाईकवाल्यावर हल्ला झाला तर शेवटी मरते ते जनावर. माणसावर गेलेला सिंह किंवा हत्ती रेंजरला बहुतेक गोळी घालावी लागते. आपण जनावर पाहायला जाऊन राहिलो आहोत न, मग त्याच्या जिवाची जोखीम आपण परस्पर कशी घ्यायची?

महालची_प्राची

अमेरिकेचं मी लिहिते, आम्ही नवरा-बायको भाड्याच्या बाईकवर यलोस्टोन आणि ग्रँड टेटन केलं आहे. तिकडे आफ्रिकेच्या उलट आहे, नॅशनल पार्कच्या बहुतेक मुख्य रस्त्यांवर बाईक चालते, फक्त रस्ता सोडून उतरायचं नाही. पण नियम पैशाचे आणि सीझनचे आहेत, ते नीट पाहा.

पैशाचं सगळ्यात आधी, कारण हे नवीन आहे. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पर्यटकांना ११ मोठ्या पार्कांमध्ये नेहमीच्या एंट्री फीशिवाय माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. यलोस्टोन, ग्रँड टेटन, ग्लेशियर, योसेमिटी, ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस कॅनियन, रॉकी माउंटन, सिकोया-किंग्ज कॅनियन, एव्हरग्लेड्स आणि अकेडिया. यलोस्टोनची बाईकची फी ३० डॉलर आहे, म्हणजे एका बाईकवर दोघं गेले तर २३० डॉलर एकाच पार्कचे. त्याऐवजी परदेशी लोकांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, तो घेतला की हे १०० वाले पैसे लागत नाहीत, आणि एका पासवर दोन बाईक जातात. दोन पार्क करायचे असले तरी पासच परवडतो, आणि रामटेक_रायडर यांच्या तर दोनच बाईक आहेत. गेटवर दोन्ही बाईक सोबतच न्यायच्या.

सीझन म्हणजे असा की यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चाकाच्या गाड्यांना बंद असतात, फक्त गार्डिनर ते कुक सिटी हा उत्तरेचा रस्ता वर्षभर चालू. योसेमिटीचा टायोगा रोड बर्फ पडला की बंद होतो तो मे-जूनपर्यंत. आणि झायनमध्ये कॅनियनच्या आतला जो मुख्य रस्ता आहे तो पार्कची शटल बस चालू असताना खाजगी गाड्यांना बंदच असतो, त्यात बाईकही आली. अलास्कात डेनालीला जायचं म्हणत असाल तर तिथे ९२ मैलांच्या रस्त्यातले पहिले १५ मैलच स्वतःच्या गाडीने जाता येते.

जनावरांचं अंतर तिकडे आकड्यात लिहून ठेवलं आहे, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बायसन (रानगवा) आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यापासून २५ यार्ड. कारवाला काच वर करून बसतो, आपल्याला काच नाही. हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर आला तेव्हा एक मोठा बैल आमच्या पुढच्या कारला घासून गेला, त्याच्या नाकातून निघणारी वाफ मला हेल्मेटमधून दिसत होती. नवऱ्याने आधीच बाईक मागे घेऊन एका मोठ्या व्हॅनच्या आड लावली होती. तिथे थांबलेल्या रेंजर बाईंनीही बाकीच्या बाईकवाल्यांना तसंच करायला लावलं. बाईकवाल्याने पुढे घुसून जागा धरायची सवय तिकडे घेऊन जाऊ नये.

रस्त्यासाठी म्हणून जात असाल तर बेअरटूथ हायवे चुकवू नका, कुक सिटीहून रेड लॉजला, १०,९४७ फूट, मेच्या शेवटी उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात बंद होतो.

एमएच४९_कागदपत्र

सगळे जंगलाचं सांगून राहिले, मी कागदाचं सांगतो. आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओतून मिळते, सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए, १००० रुपये फी, पासपोर्ट, व्हिसाची कॉपी. मुदत एक वर्ष. त्यात मोटरसायकलचा वर्ग आला आहे की नाही ते काउंटर सोडायच्या आधी पाहून घ्या, नुसता कारचा असेल तर बाईक देणारा तुमच्याकडे पाहणारही नाही. मूळ लायसन सोबत लागतेच, आयडीपी एकटं चालत नाही.

आणि आयडीपी म्हणजे जगभर चालते असं समजू नका. भारताचं १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं आहे, व्हिएतनाम १९६८ चा मानते, म्हणून तिकडे आपलं परमिट चालत नाही, आणि परमिट नाही म्हणजे अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करते. श्रीलंकेत आयडीपीवर तिथली मान्यता घ्यावी लागते. बाकी तिथल्या याला नॅशनल पार्कमध्ये बाईक नाहीच, जीपच घ्यावी लागते, पण उडावलावे पार्कच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यावरून कुंपणापलीकडचे हत्ती बाईकवरून दिसतात.

तुमच्या रूटला भाड्याची बाईक तीन-चार देशांत जाणार. त्यासाठी मालकाचं बॉर्डर पार करायचं पत्र लागते, त्यात प्रत्येक देशाचं नाव आणि गाडीचा नंबर पाहिजे. झांबियाचं नाव राहिलं तर बोत्सवाना-झांबिया बॉर्डरवरच्या काझुंगुलाच्या पुलावर अडकाल. करारात कच्च्या रस्त्याचं काय लिहिलं आहे तेही वाचा, नामिबियात डांबर सोडलं की गिट्टीच आहे.

रामटेक_रायडर

मंडळी, खरंच खूप आभार, आमचा ओकाउकुएजोचा अर्ज भरून तयारच होता, तो थांबवला. आता असं करतो: जोबर्गहून हेझीव्ह्यू, क्रूगर सफारीच्या गाडीतून, एक दिवस पॅनोरमा रूट. मग वर बोत्सवाना, कसानेला बोट, चोबेचा ट्रान्झिट, बी ८, एटोशाच्या बाहेर लॉज, आणि शेवटी केप पॉइंट बाईकने. बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणते जनावरं गाडीतूनच बरी. अमेरिका पुढच्या वेळी, प्राचीताईंचा पासचा हिशोब सेव्ह करून ठेवला आहे. एकच विचारायचं आहे, नाताहून कसाने एका दिवसात होईल न? आणि मध्ये पेट्रोल?

दौड_विदर्भ

होते, आरामात होते, पण नाताहून सूर्य उगवल्यावर लगेच निघजा आणि दुपारच्या आत कसाने गाठजा. पेट्रोल पंडामाटेंगाला मिळते, नाताहून साधारण २०० किलोमीटरवर. तिथे पंपावर रांग असली तरी दोन्ही टाक्या फुल करूनच पुढे जाजा, आणि पाण्याच्या बाटल्याही तिथेच भरून घेजा, पुढे कसानेपर्यंत नुसतं जंगल आहे.